चोवीस कुप्या शिल्लक

इनुस शेखच्या तळपायाची आग मस्तकाला गेली ती मंगळवारी भर दुपारी, आणि एकदा गेली ती काही खाली उतरायला तयार होईना. वैशाखाचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. दौंड स्टेशनावरून आणलेला दहा शेर बर्फ भुशात घालून, गोणपाटात गुंडाळून, एसटीत स्वतःच्या मांडीशी धरून तो पिंपळमाळच्या फाट्यावर उतरला. फाट्यापासून गुरांचा दवाखाना अर्धा मैल. गोणपाटातलं पाणी पाठीवरून थेट विजारीत उतरत होतं, तरी गडी वाटेत कुठं टेकला नाही की घोटभर चहा प्यायला नाही. बर्फ वितळायच्या आत लसीच्या पेटीत पडला पाहिजे, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. आणि येऊन पेटीचं झाकण उघडतो तर आत नुसता ओला भुसा.

"साहेब, लस कुठं हाय?"

डॉक्टर दिघे टेबलापाशी बसून बाटल्यांना नव्या चिठ्ठ्या डकवत होते. मान वर न करता त्यांनी भिंतीकडं बोट केलं. भिंतीला काचेच्या दारांचं कपाट होतं. त्याच्या मधल्या फळीवर पांढऱ्याधोट कापसाची गादी, आणि गादीवर बुळकांडी ह्या गुरांच्या साथीवरच्या लसीच्या चोवीस कुप्या, नवरीचे दागिने मांडावेत तशा एका ओळीत. समोरच्या खिडकीतून तिरपं ऊन येत होतं ते बरोबर त्या काचेवर.

आता ही लस म्हणजे काय चीज असते ते सांगितलं पाहिजे. कुपीच्या तळाशी चिमूटभर भुकटी. ती मिठाच्या पाण्यात कालवायची की पन्नास जनावरांना पुरते. बर्फात ठेवली तर महिना-दीड महिना मजेत राहते. उन्हाळ्यात बाहेर राहिली की चार दिवसांत मरते. आणि मेलेली लस नि जिती लस बघायला अगदी सारखी. रंग बदलत नाही, वास येत नाही, काही नाही. दवाखान्यात बावीस वर्षं ड्रेसरकी, म्हणजे मलमपट्टीचं नि हाताखालचं काम, केलेल्या इनुसलाही नुसत्या डोळ्यांनी ओळखता आली नसती.

"साहेब, ही भाईर कशाला काढली?"

"उद्या तपासणी आहे. तार आलीय."

"मग उद्या काढू की. आज आत ठेवा. ह्यो बघा बर्फ आणलाय."

"इनुसभाई, गेल्या वर्षी काय झालं ते विसरलात?"

विसरतो कसा? गेल्या वर्षी जिल्ह्याचे साहेब आले होते. रजिस्टरात लस तीस लिहिलेली, आणि ती होती बर्फाच्या पेटीत, ओल्या भुशाखाली. साहेबांनी पेटीत डोकावलं, नाक मुरडलं, पण बाहीला भुसा लागेल म्हणून काही हात घातला नाही. दोन-तीन कुप्यांच्या चिठ्ठ्या ओल्यानं सुटलेल्या तेवढ्या बघितल्या आणि शेरा मारला, साठा सहज मोजता येत नाही. त्या एका ओळीपायी दिघ्यांची पुण्याला व्हायची बदली अडकली. बायको पुण्यात, लहान मुलगी पुण्यात, आणि हे पिंपळमाळला एका खोलीत स्टोव्हवर भात शिजवत बसलेले. माणूस वाईट नव्हता. घाबरट होता, आणि घाबरट माणूस वाईटापेक्षा जास्त नुकसान करतो असं इनुसचं मत त्या आठवड्यात पक्कं झालं.

"उद्या फाट्यावर जीप दिसली की मी पळत येतो," इनुस म्हणाला. "कुप्या पुसतो, मांडतो. हाय काय आन् न्हाई काय."

"आणि ओल्या चिठ्ठ्या? आत्ता कुठं डिंकानं चिकटवल्यात सगळ्या." दिघ्यांनी कपाटाला कुलूप घातलं नि किल्ली खिशात टाकली. "एका दिवसानं काही बिघडत नाही."

एका दिवसानं खरंच फार बिघडलं नसतं. पण बुधवारी जीप आली नाही. दुपारी तार आली, शुक्रवारी येत आहोत. इनुसला वाटलं, चला, सुटलो, आता तरी आत जाईल. दिघे म्हणाले, साहेबांचा काय भरवसा, म्हणतील शुक्रवार आणि टपकतील गुरुवारी. शुक्रवारी कळलं की जीप बिघडलीय. शनिवार गेला. रविवार गेला. बाहेर उन्हाचा असा वणवा की दुपारी कावळासुद्धा ओरडत नव्हता, आणि आत काचेच्या पेटाऱ्यात चोवीस कुप्या शेकत पडलेल्या. इनुसनं एकदा भिजवलेलं गोणपाट कपाटावर टाकलं, तर दिघ्यांनी ते दोन बोटांनी उचलून बाहेर फेकलं.

"दवाखाना आहे हा. कुंभाराचं घर नाही."

दर दिवसाआड बर्फ आणायची रीत होती, म्हणून गुरुवारी इनुस पुन्हा दौंडला जाऊन आला. हट्टानंच गेला. आणलेला बर्फ रिकाम्या पेटीत ठेवला आणि तो वितळून मोरीतून वाहून जाईपर्यंत दातओठ खात बघत बसला.

त्या संध्याकाळी त्यानं घरी भाकरीचं ताट सरकवून दिलं. त्याची बायको खुर्शिद चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "तुमी डाक्टर हाय का? तुमचं काम बरफ आणायचं. आणलासा. पुढचं त्यांचं त्ये बघतील."

"त्ये काय बघत्यात? मोजता आलं म्हंजी झालं त्यांचं. जगलं का मेलं ह्ये कोन बघतंय?"

"मग तुमी कशाला जीव जाळताय?"

"लोक सुई माझ्या नावावर घेत्यात, खुर्शिद. सरकारच्या नावावर न्हाई."

ते खरं होतं. चार वर्षांपूर्वी ह्या भागात लस पहिल्यांदा आली तेव्हा एक माणूस दावं सोडायला तयार नव्हता. सुईनं गाय वांझ होते, सरकारला गुरं मारून टाकायचीत, काय वाटेल ते लोक बोलत. निंबाळवस्तीवर तर बायकांनी गोठ्याची दारं लावून घेतली. इनुस दोन दिवस त्या वस्तीत बसून राहिला होता. शेवटी सोजराबाई नावाच्या एका बाईनं आपली दोन गोऱ्ही बाहेर काढली. नवरा वारलेला, चार एकर कोरडवाहू, आणि ती दोन गोऱ्ही हाच तिचा सगळा संसार. इनुसला म्हणाली होती, "भाऊ, तू म्हनतूस म्हनून लावते." सुई लागली, गोऱ्ही टुणटुणीत राहिली, आणि मग एकेक करून सगळ्यांची दारं उघडली. पुढच्या तीन वर्षांत आजूबाजूच्या अकरा वाड्यांनी सुई घेतली ती "इनुसभाई आलाय" एवढ्याच शब्दावर.

सोमवारी साहेब आले. जीपमधून उतरले, घाम पुसला, पंखा नाही म्हणून कुरकुरले. कपाटापुढं उभे राहून त्यांनी काचेबाहेरूनच बोटानं कुप्या मोजल्या. चोवीस. रजिस्टरात बघितलं. चोवीस. इतकी टापटीप त्यांनी कुठं बघितली नव्हती म्हणे. शेरा लिहिला, लस चोवीस कुप्या, साठा बरोबर व सुस्थितीत. खाली लफ्फेदार सही. दोन बशा पोहे खाल्ले नि गेले. दिघ्यांचा चेहरा असा खुलला होता की इनुसला तिकडं बघवेना. धूळ खाली बसायच्या आत दिघ्यांनी स्वतःच्या हातानं कुप्या पेटीत ठेवल्या आणि म्हणाले, "घ्या इनुसभाई, झालं तुमच्या मनासारखं. आता आणा हवा तेवढा बर्फ."

सहा दिवस उन्हात शिजवलेली लस आता थंड करायची होती. इनुसनं आणला बर्फ. आणणार नाही तर काय करणार?

आणि बुधवारी सकाळी निंबाळवस्तीचे सावळारामआप्पा दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसले. वस्तीतला सगळ्यात वडीलधारा माणूस, तोंड कोरडं पडलेलं.

"दोन बैल लाळ गाळत्यात. डोळ्यांतनं पानी, तोंडात फोड, आन् हागवन तर अशी की बघवंना. बुळकांडी हाय साहेब. सुई घेऊन चला. शनवारच्या घोडनदीच्या बाजाराला वस्तीतली पंधरा-वीस जनावरं जायची हायेत, त्याच्या आधी टोचून टाका म्हंजी निवांत."

आप्पांना बाहेर पाणी देऊन इनुस आत आला आणि त्यानं दार लोटून घेतलं.

"साहेब, ही लस टोचायची न्हाई. मेलीय ती. पुण्याला तार करा, नवी मागवा."

"नवी मागवू कशी? शिल्लक चोवीस आहे. शिल्लक असताना मागणी पाठवली तर तशीच परत येते, माहीत आहे तुम्हाला."

"मग खराब झाली म्हणून काढून टाका."

"परवा साहेबांनी सुस्थितीत म्हणून सही केलीय. आज मी खराब लिहू? दोन दिवसांत कशी खराब झाली विचारतील. आणि आधीच झालेली होती म्हटलं तर साहेबांची सही खोटी ठरते. मला काय नोकरीवरून काढायचंय का तुम्हाला?"

इथंच सगळं घोडं पेंड खात होतं. कागदावर लस जिती होती. तिच्यावर मोठ्या साहेबांची सही होती. जोवर कागदावर ती जिती, तोवर खरी जिती लस पुण्याहून हलणार नव्हती.

दिघे आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, एवढी टोचून टाकू. निंबाळवस्ती आणि शेजारच्या वाड्या धरल्या तर चोवीस संपतात. शिल्लक शून्य झाली की मी त्याच दिवशी तातडीची मागणी पाठवतो. नवी आली की परत एकदा टोचू. लोकांना सांगू, दोनदा घ्यायची असते."

"आन् मधल्या दिवसांत? सुई झाली म्हणून लोक दावी सोडतील. एका डोहावर पाणी पाजतील. शनवारी बाजाराला नेतील. त्या बाजारात शिरूर तालुक्याची निम्मी जनावरं येत्यात, साहेब. पार अख्खा मुलूख धुऊन निघंल."

"मेलीय मेलीय कशावरून म्हणता? तुम्ही काय भिंगातून बघितलीत? थोडीफार जिती असेलच की."

इनुसच्या तोंडावर शिवी आली होती. त्यानं ती गिळली. बावीस वर्षांत त्यानं कुठल्या डॉक्टरला शिवी दिली नव्हती, आणि हा तर त्याच्या थोरल्या पोरापेक्षा दोनच वर्षांनी मोठा.

"पेटी सायकलला बांधा," दिघे म्हणाले. "हा हुकूम समजा."

निंबाळवस्तीवर डोहाच्या वरच्या अंगाला दगडी हौद आहे. तिथं लोक आधीच जमले होते. दीडदोनशे जनावरं, गाई, बैल, म्हशी, एकाला एक खेटून. आजारी बैलांना आप्पांनी लांब बांधलं होतं, एवढंच नशीब. दिघे पिचकारी उकळायला स्टोव्ह पेटवत होते. इनुस पेटी घेऊन हौदाच्या कडेला आला, तर सगळ्यांच्या पुढं सोजराबाई. तिच्या त्या गोऱ्ह्यांचे आता चांगले भरलेले बैल झाले होते, एक ढवळा नि एक तांबडा, आणि पहिल्या सुईचा जोर एव्हाना ओसरला होता.

"भाऊ, आधी माझ्या जोडीला लाव," ती म्हणाली. "तुझा हात लागला की माझा घोर मिटला बघ."

इनुसनं पेटीचं झाकण उघडलं. भुसा बाजूला सारला. कुप्या एका पत्र्याच्या डब्यात होत्या आणि डब्यावर बर्फाचा दगड. तो त्या कुप्यांकडं बघत राहिला आणि त्याला असा संताप आला, असा संताप आला की डोळ्यांपुढं अंधारी आली. काचेच्या कपाटाचा संताप, त्या लफ्फेदार सहीचा संताप, पोह्यांच्या बशांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. त्या पहिल्या मंगळवारीच कपाटाची काच फोडून कुप्या का काढल्या नाहीत आपण? नोकरीला भ्यालो. म्हणजे दिघ्यात नि आपल्यात फरक काय राहिला?

त्यानं डबा उघडा करून दोन्ही हातांत धरला, वर बर्फाचा दगड तोलला आणि हौदाच्या ओल्या पायरीवर पाय टाकला. लोकांना दिसलं ते एवढंच, की इनुसभाईचा पाय सटकला आणि तो डब्यासकट दगडावर आडवा झाला. बर्फ कुप्यांवर बसला. कचकन आवाज आला. तीन-चार कुप्या घरंगळून निघाल्या त्या उठताउठता त्याच्या टाचेखाली आल्या. कोपरातून रक्त यायला लागलं होतं. काचा, भुकटी आणि बर्फाचं पाणी हौदाच्या मोरीत एक झालं.

मग दिघे पुढं आले. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. त्यांनी पायरी बघितली, टाच बघितली, आणि त्यांना सगळं समजलं.

"काय केलंस हे? अक्कल आहे का तुला?" आजवर ते त्याला तुम्ही म्हणत होते.

"पाय घसरला, साहेब." इनुस त्यांच्या अगदी जवळ जाऊन हळू म्हणाला, "आता शिल्लक शून्य झाली. लिवा माझ्या नावावर, आन् आजच्या आज तार करा."

"आता आमी काय करायचं?" आप्पांनी विचारलं.

इनुसनं सांगायला तोंड उघडलं. सगळं सांगून टाकावं, कपाट, ऊन, तपासणी, की बाबांनो ह्या कुप्यांत माती होती माती. शब्द अगदी ओठांवर होते. पण समोर ती माणसं दावी धरून उभी होती, आणि इनुसला ती चार वर्षांपूर्वीची बंद दारं आठवली. सरकारी कुपीत मेलेलं औषध असू शकतं आणि ते दिसत नाही, हे एकदा ह्यांच्या कानावर गेलं की संपलं. मग जिती लस आली तरी ह्यातला एक माणूस जनावर पुढं करणार नाही. हे नाहीत, आणि बाकीच्या अकरा वाड्याही नाहीत. वेंधळ्या ड्रेसरला लोक चार शिव्या देतील नि विसरतील. त्यानं तोंड मिटलं.

"पाच दिवसांत नवी लस येतीया," तो म्हणाला. "तवर एक जनावर गोठ्यातनं हलवायचं न्हाई. पानी घरीच पाजा. बाजार बंद."

"तू आता आमाला अक्कल शिकीव," मागून कुणीतरी म्हणालं.

तरी लोकांनी ऐकलं. इनुसच्या शब्दाला मान देऊन नाही, सुई न झाल्याच्या भीतीनं. शनिवारी निंबाळवस्तीतून एक खूर बाजाराला गेला नाही.

दिघ्यांनी संध्याकाळी रजिस्टर पुढं ओढलं. ड्रेसर इनुस शेख याच्या निष्काळजीपणामुळे चोवीस कुप्या फुटल्या, शिल्लक शून्य. इनुसनं सही केली आणि तार लिहून होईपर्यंत टेबलापासून हलला नाही. चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसायचा हुकूम झाला. खुर्शिदनं त्याच्या कोपरावर हळद दाबली, जरा जास्तच जोरानं.

पाचव्या दिवशी दिघे स्वतः त्याच्या दारात आले. दौंडला पार्सल आलं होतं आणि ते आणायला दुसरं माणूस नव्हतं. "तुम्ही हुकमानं येऊ शकत नाही," ते जमिनीकडं बघत म्हणाले. "तसंच आलात तर."

"बर्फ वितळंल. बोलत काय बसलाय?" इनुस म्हणाला आणि टोपी घालून निघाला.

निंबाळवस्तीतली एकोणीस जनावरं तोवर बुळकांडीनं गेली होती. हौदापाशी पुन्हा रांग लागली. इनुस पेटी धरून उभा होता, कुप्या थंडगार होत्या, हाताला चटका बसावा अशा. सोजराबाई एकटा तांबडा घेऊन आली. ढवळा आदल्या रात्री गेला होता.

तिनं इनुसकडं बघितलं आणि बैल मागं ओढला.

"ह्याला लांब उभा करा, साहेब. ह्याचा हात माझ्या जनावराला लागू देऊ नगा." मग त्याच्याकडं वळून ती म्हणाली, "पाच दिस आधी सुई लागली असती तर माझा ढवळा उभा असता, इनुस. तुला येक डबा धरता आला न्हाई. आता पावसाच्या तोंडाला एका बैलावर नांगर कसा जुपू, सांग की."

भाऊ म्हणाली नाही. रांगेतल्या सगळ्या माना तिकडं वळल्या. दिघ्यांनी हातातली भरलेली पिचकारी खाली घेतली.

"सोजराबाई, ऐका," ते म्हणाले. "त्या दिवशीची ती लस खरं म्हणजे..."

इनुसनं बघितलं, रांगेत अजून शंभरावर जनावरं उभी होती.

"खरं म्हंजी माझाच पाय घसरला, बाई," तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की शेवटच्या माणसालाही ऐकू जावं. "दवा चांगली व्हती. नासली ती माझ्या पायानं. साहेब, टोचा तुमी."

पेटी हौदाच्या कडेवर ठेवून तो रांगेपासून वीसएक पावलं लांब जाऊन उभा राहिला. सोजराबाईनं तांबडा पुढं घेतला.